खंडेनवमीचा प्रोटॉन

केळुसकर मॅडमच्या नऊ वर्षांच्या कामात मी हळद कालवली. हे वाक्य आधीच लिहून टाकतो. प्रत्यक्षात ते तोंडातून बाहेर पडायला मला अख्खा एक दिवस लागला होता.

मी अंबादास तळेकर. शिक्षण आयटीआय, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. गाव केम, तालुका करमाळा. कुंकवाचं गाव. आई तिथल्या एका कारखान्यात तीस वर्षं हळदीत चुना कालवते आहे. तिचे हात मनगटापर्यंत लाल असतात, आणि लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच आया लाल असतात. मी मात्र स्वच्छतेच्या धंद्यात गेलो. माणदेशातल्या माळावर क्ष-किरण लेसरचं केंद्र निघालं, तेव्हा मला तिथे नमुना-तंत्रज्ञ म्हणून घेतलं. बिनड्रायव्हरच्या एसट्या सुरू होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. ड्रायव्हर गेले, कंडक्टर राहिले, कारण घंटी कुणीतरी मारायला हवी. माझी नोकरी साधारण त्याच तत्त्वावर होती. आमच्याकडे सगळं यंत्रं करतात. नमुन्याची टाकी भरायला तेवढा माणूस लागतो.

गावकरी केंद्राला बोगदा म्हणतात, आणि ते काही चूक नाही. तीन किलोमीटर सरळसोट बोगदाच आहे. एका टोकाला इलेक्ट्रॉनांचे पुंजके सोडायचे, त्यांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाला न्यायचं, आणि मग चुंबकांच्या दोन लांबलचक रांगांमधून नागमोडी पळवायचं. प्रत्येक वळणावर इलेक्ट्रॉन क्ष-किरण टाकतो. सुरुवातीला जो तो आपल्या मर्जीने टाकतो, कीर्तनातल्या पहिल्या टाळ्यांसारखं. पण पुढे पुढे त्यांचेच किरण त्यांना ओळीत आणतात, आणि शेवटी अब्जावधी इलेक्ट्रॉन एका ठेक्यात टाळी देतात. ती टाळी दहा फेम्टोसेकंद टिकते. एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद असतात, तितके सेकंद मोजायचे तर तीन कोटी वर्षं लागतील. हे मला मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. बरोबर होतं. त्या दिवशी मी जेवायचं विसरलो, आणि माझ्या बाबतीत अशी ही एकच नोंद आहे.

आता यातली खरी गंमत. ही टाळी ज्या रेणूवर पडते, तो फुटतो. वाचायची शक्यताच नाही. पण फुटायलासुद्धा थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यात आमचा किरण त्याच्यातून जाऊन पलीकडच्या पडद्यावर चित्र काढून मोकळा झालेला असतो. म्हणजे चित्र येतं ते धडधाकट रेणूचं. आपण गेलो ही बातमी त्याला अजून पोचलेली नसते.

अशा चित्रांचा सिनेमा करतात. आधी निळ्या लेसरचा एक ठिपका टाकून रेणूला जागं करायचं, मग दहा फेम्टोसेकंदांनी फोटो. दुसऱ्या रेणूला जागं करायचं, वीस फेम्टोसेकंदांनी फोटो. समजा, लग्नाचा अल्बम करायचाय, पण एक फोटो काढला की ते लग्न मोडतं. मग एका लग्नातला अंतरपाट, दुसऱ्यातले हार, तिसऱ्यातली सप्तपदी. अशी काही लाख लग्नं मोडली की विधी नेमका कसा असतो ते कळतं. जुन्या यंत्रांना यासाठी स्फटिक लागायचे. आमचं यंत्र सुट्या रेणूचंही चित्र काढतं, म्हणून तर सगळं जग तिथे रांगेत उभं असतं.

रांगेत डॉ. मृणालिनी केळुसकरही होत्या. केंद्रातल्याच, तरी रांग चुकत नाही. वर्षातून जेमतेम एक दिवस मिळतो. त्यांचा विषय ज्वारीच्या पानातलं एक प्रथिन. उन्हाने पानातला डीएनए मोडतो, आणि हे प्रथिन उन्हातलाच निळा प्रकाश घेऊन तो जोडतं. माणसाच्या अंगात हे प्रथिन नाही. काही मुलं अशी जन्मतात की त्यांना ऊन अजिबात चालत नाही, कातडी जळते. त्यांचे आईवडील मॅडमना पत्रं लिहायचे. मॅडम प्रत्येकाला उत्तर पाठवायच्या की अजून काही सापडलेलं नाही. नऊ वर्षं हेच उत्तर.

वेळापत्रक करणाऱ्या संगणकाला पंचांग माहीत नव्हतं. त्याने मॅडमना दिलेला दिवस होता खंडेनवमी.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. सुताराची पटाशी, शिंप्याचं मशीन, कंडक्टरचं घंटीचं बटण. आणि पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत. त्याचा तो आरामाचा दिवस. आता यंत्राला आराम देणं माझ्या हातात नव्हतं. मी मधला मार्ग काढला. माझ्याकडे नमुन्याच्या दोन टाक्या होत्या, प्रथिन भरून किरणासमोर सोडायच्या, स्टीलच्या, अंगठ्याएवढ्या. एक नंबरची कामाला लावायची, दोन नंबरची पूजेला बसवायची. सकाळी बाकावर स्वच्छ रुमाल अंथरला, दोन नंबर खोलून मांडली, झेंडूचं फूल ठेवलं, आणि आईने पाठवलेल्या पुडीतलं हळदकुंकू लावलं. कुठे लावलं, तर आतून. विळ्याची पूजा कुणी मुठीला करत नाही, पात्याला करतात. शिलाई मशीनला सुईपाशी लावतात. हत्यार जिथे काम करतं तिथे लावायचं असतं. आणि टाकी काम करते ती आत.

दुपारी साडेबाराला एक नंबरचा दट्ट्या अडकला. एका दिवसाची किंमत एक वर्ष धरली तर एका मिनिटाची किती, हे गणित मी केलं नाही. दोन नंबर रुमालावरून उचलली, तिची माफी मागितली, स्पिरिटने आतून लख्ख पुसली, भरली आणि लावली. बारा चाळीसला किरण पुन्हा सुरू. मॅडम मान वर न करता म्हणाल्या, शाब्बास.

पुढचे चार महिने आकडेमोड चालली. माघात एके दिवशी मॅडमनी मला खोलीत बोलावलं आणि पडद्यावर सिनेमा लावला. दोन ऑक्सिजन शेजारी शेजारी, आणि त्यांच्यामध्ये एक प्रोटॉन. प्रोटॉन क्ष-किरणांना जवळपास दिसतच नाही. पण सुंभाने विणलेल्या बाजेवरून कुणी उठलं की सुंभ वर येतो, आणि शेजारच्या बाजेवर कुणी बसलं की तिथला खाली जातो. तसं, प्रोटॉन कुठे बसलाय ते ऑक्सिजनवरून कळतं. निळा ठिपका पडला. एका ऑक्सिजनचा सुंभ वर आला, दुसऱ्याचा दबला. दीडशे फेम्टोसेकंद. मग पहिल्यासारखं.

मॅडमनी तो वीस वेळा लावला असेल. मीही वीस वेळा पाहिला. कुणी सिनेमात माणूस मरताना पाहून रडतं, कुणी गाणं लागलं की रडतं. मी एका प्रोटॉनने कूस बदलली म्हणून डोळे पुसत होतो. त्या म्हणाल्या, दुरुस्ती इथून सुरू होते, आणि हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. मग त्यांनी लेखाचा कागद दाखवला. लेखकांत पाच नावं होती, चौथं माझं.

मी आईला फोन केला. तिने संध्याकाळपर्यंत केममध्ये कळवलं की अंबूने प्रोटॉन शोधला. प्रोटॉन आधीच सापडलेला आहे, हे मी सांगितलं, पण तोवर तीन किलो पेढ्यांची ऑर्डर गेली होती.

सोमवारी मोठ्या सभागृहात जाहीर करायचं ठरलं. वर्तमानपत्रांना निरोप गेले. आईवडिलांची पत्रं पुन्हा यायला लागली, आणि या वेळी मॅडमनी नेहमीचं उत्तर पाठवलं नाही. सोमवारी केंद्रात या, असं लिहिलं.

शुक्रवारी मी टाक्या धुवायला घेतल्या. आकडेमोड संपेपर्यंत वापरलेली टाकी धुवायची नाही, हा नियम. दोन नंबर खोलली. दट्ट्यावरची रबराची रिंग काढली. रिंगेच्या आतल्या बाजूला आणि दट्ट्यावर पिवळा डाग. पिवळं तर मॅडमचं प्रथिनही असतं, त्यामुळे मी निवांत होतो. रिंग साबणाच्या पाण्यात टाकली.

डाग लाल झाला.

आपल्याकडे हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. सदऱ्यावर आमटी सांडली, त्यावर साबण घासला, की डाग लाल होतो. प्रत्येक घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. दुसरं कुठलंही पिवळं असं लाल होत नाही. मॅडमचं प्रथिन तर नाहीच.

मी स्टुलावर बसलो आणि सगळं उलगडत गेलं. पाण्यात हळद विरघळत नाही, स्पिरिटमध्ये छान विरघळते. म्हणजे मी टाकी पुसली नव्हती; हळद विरघळवून रिंगेखाली नीट साठवली होती. दुपारनंतर ती प्रथिनाला चिकटून थोडी थोडी बाहेर येत राहिली. हळदीचा रेणू निळा प्रकाश पितो. आणि हळदीच्या रेणूच्या मध्यभागी काय असतं, ते मी शोधून पाहिलं. शेजारी शेजारी दोन ऑक्सिजन, आणि मध्ये एक प्रोटॉन.

एकच आशा उरली होती, तीही वेडी. बाजारात हल्ली हळदकुंकू म्हणून नुसता रंग विकतात. त्यात हळदीचा कणही नसतो. मी आईला फोन लावला. मुलगा आईकडून भेसळीची अपेक्षा ठेवतोय, असा तो आमच्या घराण्यातला पहिलाच फोन असावा. मी आडून आडून विचारलं, की कारखान्यात कधी रंगही घालता का, पुडी घाईत भरली होती का, आणि हळद तरी खरी असते का.

पलीकडे परात खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, “अंबू, तीस वर्सं झाली. लेकीबाळींच्या कपाळाला लावायचं असतंय ते. तुला दिल्यालं कुकू मी सोत्ता कालवलंय, आन् हळद सांगलीची हाय. तू आसं इचारलंस कसं?”

मी म्हणालो, सहज. ती म्हणाली, सहज कुणी आईला असं विचारत नाही. आणि फोन ठेवला. आता माझ्यापायी एक बाई दुखावली होती आणि दुसरी फसली होती, आणि एकीचं कुंकू अस्सल होतं, दुसरीचं प्रथिन.

शनिवारी सकाळी मी मॅडमच्या दारात तीनदा गेलो. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, काय रे? मी म्हणालो, चहा हवा का. दुसऱ्यांदा विचारलं, आता काय? मी म्हणालो, साखर किती. तिसऱ्यांदा मी चहा घेऊनच गेलो, म्हणजे परतायला कारण उरू नये. त्या सोमवारचं भाषण लिहीत होत्या. पहिली ओळ मला वाचून दाखवली. ती ओळ त्या पत्र लिहिणाऱ्यांना उद्देशून होती.

सांगितलं नसतं तर काय झालं असतं, हे मी आदल्या दिवशी पुरेपूर पाहून घेतलं होतं. माझी नोकरी कायम झाली असती. पेढे वाटले गेले असते. पाच-सहा वर्षांनी दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रावर कुणी तरी म्हणालं असतं की आम्हाला प्रोटॉनची ही उडी दिसत नाही. तोवर ती मुलं त्या उडीवर बेतलेल्या औषधाची वाट पाहत बसली असती. मी ते सगळं चांगलं पाहिलं, आणि तरीही तीनदा चहाच मध्ये आणला.

मग म्हणालो, “मॅडम, ती उडी तुमच्या प्रथिनाची नाही. हळदीची आहे. मी टाकीची पूजा केली होती.”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. फूल, रुमाल, स्पिरिट, माफी. त्या उठून माझ्याबरोबर खाली आल्या, दट्ट्या हातात घेतला, त्यावर उरलेल्या पिवळ्या डागावर स्वतः साबणाचा थेंब टाकला, आणि तो लाल होताना पाहिला. मग वर जाऊन त्यांनी चित्रांची वेळेप्रमाणे विभागणी केली. बारा चाळीसच्या आधीच्या एकाही चित्रात उडी नव्हती. त्यांनी ते चार महिन्यांपूर्वीच पाहिलं होतं, आणि दुपारी निळा लेसर जास्त चांगला लागला असेल, असं स्वतःला समजावलं होतं. हे त्या मला सांगत नव्हत्या. खिडकीला सांगत होत्या.

मी राजीनामा कुणाच्या नावाने लिहू, असं विचारलं. त्या म्हणाल्या, गप्प बस जरा.

मग त्यांनी पुन्हा तोच सिनेमा लावला. आता आम्हाला खरं नाव माहीत होतं. तेच दोन ऑक्सिजन, तीच निळी टिकली, तीच उडी. काहीच बदललं नव्हतं, आणि मला तो पहिल्यापेक्षा वेगळा दिसत होता. मला आईचे हात दिसत होते. ती कालवते तेव्हा उन्हात बसते. त्या हातांवर, परातीत, तिच्या नखांत, तिला न कळता, ही उडी चालू असते. सांगलीच्या पेवात, जमिनीखालच्या कोठारात, हळद अंधारात स्वस्थ पडून असते. पोतं बाहेर काढलं, उन्हात ओतलं, की एका दाण्यात मोजता येणार नाहीत इतके प्रोटॉन या बाजेवरून त्या बाजेवर जातात आणि परत येतात. नवरदेवाच्या गालावर, पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर, आमटीच्या डागावर. हजारो वर्षं आपण तिला हाताळतोय आणि तिची ही हालचाल कुणाला माहीत नव्हती.

“हे खरं आहे,” मॅडम हळूच म्हणाल्या. “मी याला चुकीच्या नावाने हाक मारत होते, एवढंच. पण हे खरं आहे.”

मग त्यांनी भाषणाची पहिली ओळ खोडली.

सोमवारी सभागृह भरलं होतं. मॅडमनी आधी पत्र लिहिणाऱ्यांना सांगितलं, की मी तुम्हाला बोलावलं ही माझी घाई झाली, अजून काही सापडलेलं नाही. तिसऱ्या रांगेतली एक बाई उठून बाहेर गेली. मॅडम थांबल्या, ती दाराबाहेर जाईपर्यंत थांबल्या, आणि मगच पुढे बोलल्या. हळदीची गोष्ट सांगितली. चूक कशामुळे झाली हे सांगताना ‘नमुन्याच्या टाकीत सरमिसळ झाली’ एवढंच म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही.

पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, सरमिसळ झाली कशी. संचालक पायाकडे बघायला लागले. यंत्राच्या उद्घाटनाला नारळ त्यांनीच फोडला होता. मी शेवटच्या रांगेतून उभा राहिलो आणि म्हणालो, पूजा केली होती, मी.

सभागृहात कुणी हसलं नाही, याचा मला जास्त त्रास झाला. मग दुसऱ्या रांगेतून प्राध्यापक मुजावर उठले. मिरजेचे, रसायनशास्त्रात सगळ्यात ज्येष्ठ, काठी टेकत. त्यांनी चष्मा वर केला आणि मला विचारलं, “कुंकू घरचं होतं का विकतचं?”

मी म्हणालो, घरचं. आई करते.

“मग बरोबर आहे,” ते म्हणाले. “विकतचं असतं तर ही उडी दिसली नसती. आणि एक सांग, पूजेला लावलेलं हत्यार त्या दिवशी वापरतात का?”

मी म्हणालो, नाही वापरत.

“मग तू पूजा केलीस म्हणून हे झालं नाही. मोडलीस म्हणून झालं.” ते खाली बसले आणि मॅडमना म्हणाले, बाई, तो सिनेमा परत लावा, मला नीट दिसला नाही.

मॅडमनी लावला. दिवे मालवले. चारशे माणसं एका प्रोटॉनकडे बघत होती. पुन्हा लावा, असं कुणी म्हणालं नाही, पण संपला की मॅडम आपणहून पुन्हा लावायच्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई आपली करंगळी डोळ्यांजवळ नेऊन नखातली हळद पाहत बसल्या. सकाळी फोडणी घालून आल्या असणार.

नंतर मॅडम एकट्याच बाहेरच्या पायऱ्या उतरल्या. मी मागून गेलो. त्या थांबल्या. पुढचा किरण-दिवस चौदा महिन्यांनी मिळेल, असं त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, माझ्या जागी दुसरा माणूस तयार करून ठेवतो, आणि लेखातलं माझं नावही काढा.

“नाव राहील,” त्या म्हणाल्या. “टाकीत काय गेलं आणि कसं गेलं, हा भाग तूच लिहायचास. आणि चौदा महिने मी तुझ्यावर चिडलेली असणार आहे. अगदी नीट चिडणार आहे. त्यानंतर टाकी तूच भरायचीस.”

मी विचारलं, मीच का.

“दुसऱ्या कुणी भरली, तर त्याने मला काय सांगितलं नसेल याचा विचार करत बसावं लागेल.”

मी बरं म्हणालो. आणखी काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर त्या वळून चालायला लागल्या होत्या. चिडायला सुरुवात झाली होती.